विझवून पाहिलंस का?

मंगळवारी दुपारी तालीम संपली तेव्हा सोलेननं पडद्यावरचं शेवटचं चित्र तसंच राहू दिलं. सात काचनळ्या ओळीनं उभ्या होत्या, एकेका दिवसाची एकेक, आणि सातही हिरव्या उजळलेल्या. तिला ते चित्र इतकं आवडायचं की तिनं ते प्रबंधाच्या मुखपृष्ठावरही छापलं होतं. वर मोठ्या अक्षरांत नाव होतं: ‘जिवाणूंची सात दिवसांची आठवण’.

समोर वर्गातली पाचसहा मुलं बसली होती, आणि पहिल्या रांगेत तिची मार्गदर्शक ओदिल मार्शादिए. टाळ्या पडल्या. ओदिलनं चष्मा कपाळावर सरकवला, म्हणजे ती खूश होती.

“प्रश्न?” ओदिल म्हणाली. “उद्याचा एकच दिवस हाताशी आहे. परवा परीक्षक विचारतील त्यापेक्षा आत्ता तुम्ही छळा तिला.”

मागच्या बाकावरून तिच्याच वर्गातल्या आन्सेल्मनं हात वर केला.

“सातव्या दिवशी विझवून पाहिलंस का?”

सोलेनला प्रश्न कळायला एक श्वास लागला.

“विझवून पाहिलंय की. पहिल्या दिवशी. सगळे जिवाणू विझले. प्रबंधात आलेख आहे त्याचा.”

“तो वाचला मी. मी सातव्या दिवसाचं विचारतोय.”

“अरे, ही तालीम आहे, चौकशी समिती नव्हे,” ओदिल म्हणाली, आणि सगळे हसले. आन्सेल्मही हसला. सोलेनला मात्र हसू आलं नाही.

आता तिनं काय केलं होतं ते नीट सांगायला हवं, म्हणजे तिला हसू का आलं नाही ते कळेल. ती शिकत होती त्या विद्येला संश्लेषी जीवशास्त्र म्हणतात. इथे जिवंत पेशीकडे एखाद्या यंत्रासारखं पाहतात. कुठला भाग कुठे बसवला तर काय घडेल याचं आधी गणित मांडायचं, मग तो भाग खरोखर जिवाणूत बसवायचा आणि गणित टिकतं का ते पाहायचं. सोलेननं जिवाणूत दोन जनुकं अशी बसवली होती, की जणू एका घरातल्या दोन जावा. एक बोलू लागली की दुसरीला गप्प करते. ती गप्प असते तोवर पहिलीच बोलत राहते. जिवाणूंना एक साखर चाखवली की थोरली बोलू लागे आणि जिवाणू हिरवे उजळत. दुसरी साखर चाखवली की धाकटी तोंड उघडे, थोरलीला गप्प करी आणि दिवा विझे. गंमत अशी, की साखर काढून घेतली तरी जी बोलत असेल ती बोलतच राही. जिवाणूचे दोन होत, दोनाचे चार होत, पिढ्यामागून पिढ्या जात, आणि पणज्यानं चाखलेली साखर पणतूच्या अंगात उजळत राही. हीच आठवण. इतर संशोधकांची अशी आठवण दोन दिवसांत विरून गेली होती. सोलेनची सात दिवस टिकली होती.

रोज सकाळी ती जुन्या नळीतला एक थेंब ताज्या खाद्यात टाकायची, म्हणजे वंश पुढे चालू राहायचा. रोज नळी निळ्या उजेडात धरायची. रोज हिरवा. सात दिवस हिरवा.

पण आन्सेल्मच्या प्रश्नाला धार होती. खोलीत दिवा लागलेला दिसतो, म्हणून बटण धड आहे असं आपण धरून चालतो. बटण अडकून बसलं असेल, तरी दिवा लागलेलाच दिसेल. दोन्ही दिवे दिसायला सारखेच. फरक कळतो तो बटण दाबल्यावर.

तिनं आन्सेल्मला कॉफीच्या यंत्रापाशी गाठलं.

“तुला जागा हवी आहे ना? मग सरळ सांग.”

“हवीच आहे,” तो म्हणाला. “तुला नकोय का?”

पीएच.डी.ची जागा यंदा एकच होती, ओदिलच्या प्रयोगशाळेत. प्रबंध आणि तोंडी परीक्षा मिळून ज्याला जास्त गुण त्याला ती. आन्सेल्म दुमोर्तिएची परीक्षा सोमवारीच झाली होती. त्याला विसांपैकी पंधरा मिळाले होते. आता राहिली होती ती सोलेन. सोळा मिळाले तर जागा तिची. नाही तर ब्रेस्तला घरी परत जायचं आणि मिळेल ती नोकरी बघायची.

“मग सगळ्यांसमोर कशाला विचारलंस?”

“परवा त्या स्ट्रासबूरच्या म्हाताऱ्या परीक्षकानं विचारलं असतं, तर तू तिथल्या तिथे गार पडली असतीस.”

“आणि त्यानं विचारलंच नसतं तर?”

आन्सेल्मनं पेला चुरगळून डब्यात टाकला. “मग तू जिंकली असतीस,” तो म्हणाला आणि निघून गेला.

सोलेन बराच वेळ तिथेच उभी राहिली. न पाहण्यात तसं काहीच खोटं नव्हतं. प्रबंध छापून परीक्षकांकडे गेलेला. त्यात लिहिलेलं अक्षर न् अक्षर तिनं डोळ्यांनी पाहिलेलं. नळ्या हिरव्या होत्या, म्हणून तिनं हिरव्या लिहिल्या. कोणी विचारलं तर म्हणायचं, वेळ झाला नाही. परीक्षक मान डोलावतात, पुढे जातात. दर वर्षी कोणी ना कोणी हे वाक्य म्हणतंच.

पण तिला एक सवय होती. रोजच्या नळीतला एक घोट ती बाजूला काढून डीप फ्रीझरमध्ये ठेवायची. गोठलेला जिवाणू मरत नाही, झोपतो. पुन्हा ऊब दिली की झोपला त्याच घटकेपासून जगू लागतो. म्हणजे ते सातही दिवस फ्रीझरमध्ये जसेच्या तसे पडलेले होते. विचारायला गेलं तर उत्तर देणार होते. तीच तर पंचाईत होती.

फ्रीझरचं दार उघडताच पांढरी वाफ पायावर उतरली. तिचा डबा खालून दुसऱ्या कप्प्यात होता. तो काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. हातमोज्यातूनही बोटं बधिर होऊ लागली तेव्हा तिनं दार लोटलं. डबा तिच्या हातातच होता.

बुधवारी सकाळी ओदिल आली तेव्हा सात नळ्या उबदार पेटीत घुसळल्या जात होत्या आणि सोलेन एकेक काढून तीत दुसऱ्या साखरेचे थेंब सोडत होती. पहिल्याच दिवशी ओदिलनं तिला बजावलं होतं की इथे सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. दहा महिने झाले तरी सोलेनच्या तोंडून ते निघत नव्हतं.

“हे काय शिजतंय?” ओदिलनं विचारलं.

“विझतात का पाहतेय.”

“सगळ्या?”

“सातही.”

ओदिलनं पिशवी टेबलावर ठेवली. “माझ्या गुरूंनी मला एक गोष्ट शिकवली होती. परीक्षेच्या आदल्या दिवशी नवा प्रयोग लावायचा नसतो. चांगला निघाला तर कोणी विश्वास ठेवत नाही. वाईट निघाला तर आपण ठेवतो.”

“तुम्हाला काय वाटतं, विझतील?”

“मला काय वाटतं त्यावर त्या विझणार आहेत का, पोरी?”

सोलेननं पुढच्या नळीत थेंब सोडला.

“ओस्लोच्या परिषदेला मी सात दिवस म्हणून कळवलंय,” ओदिल म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “माझं नाव वर आहे, तुझं खाली.”

“माहीत आहे.”

ओदिल पेटीपाशी गेली. पेटीच्या कडेला ती बंद करायचं लाल बटण होतं. तिचा हात त्याच्या अगदी जवळ टेकला. पण ओदिल फक्त काचेतून आत बघत होती, मूल झोपलंय का ते पाहावं तशी.

“उद्या गाड्यांचा संप आहे,” शेवटी ती म्हणाली. “स्ट्रासबूरचे हेंगेनसाहेब आजच पॅरिसपर्यंत पोचतायत, त्यांना तिथून आणायला मला मोटार घेऊन जावं लागेल. म्हणजे सकाळी मी इथे नसेन. या नळ्यांतून तू ज्या बशा लावशील त्या मी पाहणार नाही. तू पाहायच्या की नाही ते तुझं तू ठरव. आणि पाहिल्यास तर पुढचंही तूच ठरव.”

जाता जाता ती दारात थबकली. “जेवलीस का?”

“नाही.”

“मग जेव. उपाशी पोटी मोजलेलं चुकतं.”

दिवसभर सोलेन नळ्यांतले थेंब ताज्या खाद्यात टाकत राहिली, म्हणजे जुना उजेड पिढ्यांमध्ये वाटून संपावा आणि उरेल तो फक्त नवा. संध्याकाळी तिनं प्रत्येकीतला इवलासा भाग खाद्याचा थर दिलेल्या एकेका पेट्री बशीवर पसरला. एकेका जिवाणूपासून सकाळपर्यंत एकेक ठिपका वाढायचा होता. मग ठिपकेच सांगणार होते.

गुरुवारी सकाळी तिनं अंधाऱ्या खोलीचं दार आतून लावून घेतलं, नारिंगी चष्मा चढवला आणि निळा दिवा लावला.

पहिली बशी. ठिपके मळकट, दुधाच्या वाळलेल्या थेंबांसारखे. विझलेले. दुसरी, विझलेली. तिसरी, विझलेली. सोलेनच्या खांद्यांवरचं ओझं हलकं होऊ लागलं. म्हणजे बटण चालत होतं! आन्सेल्मला आता बोलावून दाखवावं, त्याचं नाक या बशीवर दाबून धरावं, असं तिच्या मनात आलं आणि तिला हसूही आलं.

तिनं चौथी बशी उघडली.

निम्मे ठिपके मळकट होते. निम्मे हिरवे जळत होते.

पाचवीत विझलेले शोधावे लागले. सहावीत सापडले नाहीत. सातवी बशी तर दिव्याखाली धरताच सगळी उजळली, मुखपृष्ठावरच्या त्या चित्रासारखी, तेवढीच सुंदर.

काय झालं असेल ते तिला उभ्या उभ्या कळलं. एखाद्या जिवाणूत धाकट्या जावेची वाचाच गेली असणार. पेशी दोन होताना अशी बारीक चूक कधीमधी होतेच. मग थोरलीला गप्प करणारं कोणी उरलं नाही. ती जन्मभर बोलत सुटली. आणि दोन-दोन माणसं पोसण्याचा भार नसल्यामुळे तो जिवाणू इतरांपेक्षा जरा भरभर वाढला. रोजच्या एका थेंबात त्याची पिल्लं जास्त जास्त येऊ लागली. ज्यांना आठवत होतं ते मागे पडले. सोलेन ज्याला सात दिवसांची आठवण म्हणत होती, त्यातले तीन दिवस आठवण होती. पुढचं सगळं अडकलेलं बटण.

दारावर टकटक झाली.

“मी आहे,” आन्सेल्मचा आवाज आला. “हॉलमधला प्रोजेक्टर कुरकुरतोय, तुझी वायर हवी म्हणतात. उघड.”

तिनं दार उघडलं. तो आत आला, त्यानं टेबलावर नजर टाकली, खुंटीवरचा दुसरा चष्मा चढवला आणि वाकला. एकेक करून त्यानं सातही बशा पाहिल्या.

“अरेरे,” तो म्हणाला. मग हळूच, “ओदिलनं पाहिलं?”

“नाही.”

“मग मीही पाहिलं नाही.”

“का? फायदा तर तुझाच आहे.”

“म्हणूनच.” त्यानं चष्मा काढला. “हे बघ सोलेन, मी बोलणार नाही. तू बोललीस तर तुझं तू बोललीस. नंतर मला दोष द्यायचा नाही, आणि आभारही मानायचे नाहीत. दोन्ही मला झेपणार नाही.”

“शहाणाच आहेस.”

“वायर दे.”

तो गेल्यावर सोलेननं सातही बशा ओळीनं मांडल्या आणि त्यांचा एक फोटो काढला. फोटो काढला म्हणजे तो दाखवायलाच हवा असं नव्हतं, हे तिनं स्वतःला दोनदा बजावलं.

दुपारी हॉलच्या बाहेर लांब टेबलावर तिचे वडील पांढरा कागद पसरत होते. परीक्षा झाली की उमेदवारानं सगळ्यांना खाऊपिऊ घालायचं, अशी इथली रीत. निकाल लागायच्या आधीच टेबल मांडून ठेवायचं असतं. वडील, म्हणजे एर्वान केर्वेला, होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. संपामुळे ते पहाटेच ब्रेस्तहून मोटार घेऊन निघाले होते. सफरचंदाची सायडर, कुट्टूच्या पिठाच्या पोळ्या, आणि लोणी-साखरेच्या थरांचा घरचा केक त्यांनी सीटबेल्ट लावून आणला होता.

“चेहरा का असा?” त्यांनी विचारलं. “खाल्लंस का काही?”

“पापा, ते झाकून ठेव जरा.”

“का? माश्या नाहीत इथे.”

“तरी झाकून ठेव.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता केकवर फडकं टाकलं.

परीक्षक तिघे होते. मधोमध बसलेले हेंगेनसाहेब स्ट्रासबूरहून आलेले, पांढऱ्या भुवयांचे. समोर सोलेनचा प्रबंध, कडेनं पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या. ओदिल कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती, हात मांडीवर. सोलेन बोलू लागली. दोन जावांचं गणित सांगितलं, आलेख दाखवले. तोंड आपोआप चालत होतं, कारण तालीम पक्की होती. मग सात नळ्यांचं चित्र आलं, आणि हेंगेनसाहेबांनी कौतुकानं मान हलवली.

त्यांनी मान हलवली नसती, तर कदाचित ती गप्प राहिली असती. पण खोट्यावर कोणी भाळलेलं समोर दिसलं, की पुढचा शब्द जड होतो.

“हे चित्र खरं आहे,” सोलेन म्हणाली. “पण मी त्याचा लावलेला अर्थ चूक आहे.”

आणि तिनं बशांचा फोटो लावला.

हॉलमध्ये कोणाची तरी खुर्ची करकरली. ती सांगत गेली, आवाज एकदा फाटला, तिनं पाणी प्यायलं, पुन्हा सांगत गेली. संपलं तेव्हा टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कोणालाच कळेना, म्हणून कोणीच वाजवल्या नाहीत.

हेंगेनसाहेबांनी प्रबंध मिटून उलटा ठेवला. “म्हणजे बाई, हे मुखपृष्ठ चूक?”

“हो.”

“हा प्रयोग केव्हा केलात?”

“काल. निकाल आज सकाळी पाहिला.”

“किती वेळा?”

“एकदाच.”

“एकदा केलेल्या गोष्टीला आम्ही काय म्हणतो?”

“किस्सा,” सोलेन म्हणाली. मागे कोणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

“गोठवल्यामुळे बिघडले नसतील कशावरून?”

“पहिल्या तीन दिवसांच्या नळ्याही तशाच गोठल्या होत्या. त्या विझल्या.”

पांढऱ्या भुवया किंचित वर गेल्या. “आणि ही साधी चाचणी तुम्ही सहा महिन्यांपूर्वी का केली नाहीत?”

सोलेननं कोपऱ्यात पाहिलं नाही. “दिवा लागलेला दिसत होता,” ती म्हणाली. “मला तो लागलेलाच हवा होता. लागलेल्या दिव्याचं बटण मी दाबून पाहिलं नाही.”

प्रश्न बराच वेळ चालले. मग तिला बाहेर पाठवून दार लागलं. बाहेर सगळे फडकं टाकलेल्या टेबलाभोवती उभे होते आणि कोणी कशाला हात लावत नव्हतं. आन्सेल्म खिडकीपाशी उभा होता, बाहेर बघायला फार काही असल्यासारखा.

दार उघडलं. हेंगेनसाहेबांनी कागद डोळ्यांजवळ धरला. लेखी प्रबंधाचा मुख्य दावा टिकत नाही, त्याचे गुण कापावे लागले. तोंडी परीक्षेत उमेदवाराला पैकीच्या पैकी. एकूण विसांपैकी चौदा.

चौदा. सोलेननं मान हलवली, जणू रस्त्याचं नाव विचारलं होतं आणि कोणी सांगितलं. आता टाळ्या पडल्या. एर्वाननी सगळ्यांत जोरात वाजवल्या, कारण चौदा म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी फडकं काढलं, केक कापला आणि सगळ्यांत मोठा तुकडा नेमका आन्सेल्मच्या हातात ठेवला.

“तूही इथलाच ना? खा, खा. हडकुळा आहेस.”

आन्सेल्मनं तुकडा धरला, सोलेनकडे पाहिलं आणि तो खावा की नको हे त्याला कळेना.

“खा रे,” सोलेन म्हणाली. “जागा तुझी, केक माझा. फिटंफाट.”

तिचे डोळे भरून आले होते, पण केकचा तुकडा तिनंही उचलला.

थोड्या वेळानं ती बशा नष्ट करायला प्रयोगशाळेत गेली. वापरलेल्या बशा वाफेच्या भांड्यात घालून त्यांतले जिवाणू मारायचे, तसा नियमच असतो. पाठोपाठ ओदिल आली.

“चौथी टाकू नकोस.”

“आता कशाला?”

“त्या बशीत दोन्ही शेजारी शेजारी आहेत. शहाणा आणि वेडा. नेमकं कुठे बिघडलं ते तिथेच कळेल.” ओदिलनं खुर्ची ओढली आणि ती एकदम थकल्यासारखी बसली. “मला ओस्लोला लिहायचंय. सात नव्हे, तीन. जागेचं माझ्या हातात काही नाही, ते तुला माहीत आहे. पण हे पत्र मी एकटीनं लिहिणार नाही. दोन नावं होती, दोघींनी लिहायचं. बसशील?”

“बसते,” सोलेन म्हणाली.

दारात एर्वान उभे होते, हातात केकची बशी. आन्सेल्मनं त्यांना रस्ता दाखवला असावा; तो मागे घुटमळत होता.

“पापा, खाणं बाहेर ठेव. आत चालत नाही.”

त्यांनी बशी निमूट बाहेर ठेवली, हात पँटला पुसले आणि आत आले. “इतके महिने काय करत होतीस ते एकदा दाखव तरी. तुझी आई विचारेल.”

सोलेननं त्यांना अंधाऱ्या खोलीत नेलं आणि निळा दिवा लावला. आपला नारिंगी चष्मा वडिलांच्या डोळ्यांवर चढवला आणि चौथी बशी त्यांच्यापुढे धरली. ते वाकले, तोंड उघडं राहिलं. अंधारात निम्मे ठिपके हिरवे जळत होते.

“बाप रे, किती सुंदर,” ते म्हणाले. “हे तू केलंस? हे दिवे लागलेले तुझे, होय ना?”

“नाही, पापा,” सोलेन म्हणाली. तिनं त्यांचं बोट धरून काचेवरून कडेच्या मळकट ठिपक्यांकडे नेलं. “हे बघ, हे विझलेले. हे माझे.”